फलाटालगतचं घर

दलाल मुद्रितशोधकाच्या कुटुंबाला आपल्या गाडीतून घर दाखवायला घेऊन आला, तिथेच पहिली चूक झाली. ती कळायला वेळ लागला, कारण गाडी चांगली होती, काचा काळ्या होत्या आणि मुद्रितशोधकासाठी आजवर कुणी गाडीचं दार उघडून धरलं नव्हतं. त्या एका दाराने त्याची निम्मी विवेकबुद्धी हिरावून घेतली. उरलेली निम्मी गॅलरीने घेतली.

छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात त्याची हयात गेली होती. लग्नपत्रिका असो की कुणाच्या जमिनीची नोटीस, त्याच्या नजरेतून ऱ्हस्व-दीर्घ सुटत नसे. घर शोधतानाही त्याने तीच नजर लावली होती. दर रविवारी बायको आणि म्हातारे वडील यांना बरोबर घेऊन तो रेल्वेमार्गावरून शहरापासून एकेक स्टेशन लांब सरकत होता. प्रत्येक स्टेशनागणिक खोल्या जरा मोठ्या होत आणि वडिलांचा चेहरा जरा लहान होई. कुठे भिंतीला ओल, कुठे स्वयंपाकघरात अंधार, कुठे शेजारच्या घरात ढोल शिकणारा मुलगा. प्रत्येक घराच्या समासात त्याने मनातल्या मनात लाल खूण केली होती.

पण या घरात दलालाने गॅलरीचं दार उघडलं आणि एक शब्दही न बोलता बाजूला उभा राहिला. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याखाली चिंचोळी मोकळी जागा, त्यापलीकडे भिंत, आणि भिंतीला पाठ टेकून थेट रेल्वेचा फलाट. त्याच क्षणी शहराकडे जाणारी गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली. सगळं इतकं जवळ, की बाकावर बसलेल्या माणसाच्या वर्तमानपत्रातले मथळे मुद्रितशोधकाला वाचता आले. त्यातल्या एका मथळ्यात त्याने चूकही काढली.

दलाल म्हणाला की गाडी दिसली की चहा संपवायचा आणि निघायचं, असं घर या मार्गावर दुसरं नाही. बायकोने फक्त एवढंच विचारलं, की इथून खाली स्टेशनात जायचं कुठून.

"अगं, स्टेशन समोर दिसतंय. त्यात विचारायचं काय?" मुद्रितशोधक म्हणाला.

पुढे कितीतरी दिवस हे वाक्य त्याला जेवताना आठवत राहिलं. बायकोने ते पुन्हा कधी उच्चारलं नाही. तिचा स्वभाव तसा नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागत असे.

घर झालं. सामान आलं. बायको शाळेचे गणवेश शिवून दुकानाला देत असे, तिच्या शिलाई मशीनला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. वडिलांची खुर्ची गॅलरीत गेली. सोमवारी सकाळी मुद्रितशोधकाने चहा सावकाश घेतला, मुद्दाम थोडा जास्तच सावकाश, आणि जिना उतरून इमारतीच्या मागे गेला. तिथे भिंत होती. त्याच्याहून हातभर उंच. उजवीकडे गेला, भिंत. डावीकडे गेला, नाला आणि नाल्यापलीकडे भिंत.

तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी कुंड्यांना पाणी घालत होते. एका गोदामाचे व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ सगळ्या जगाकडे गोदामात ठेवायचा माल म्हणूनच बघत असत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की स्टेशनला जायचं असेल तर लवकर निघायला हवं होतं. भिंतीच्या कडेने सरळ रेल्वे फाटकापर्यंत जायचं. फाटक ओलांडायचं. पलीकडच्या बाजारपेठेच्या रस्त्याने परत तेवढंच मागे यायचं, म्हणजे स्टेशनचं तोंड लागतं. मग पूल चढायचा आणि या फलाटावर उतरायचं. पाऊण तास, आणि फाटक बंद असेल तर सांगता येत नाही.

"जवळ आहे तसं," ते म्हणाले आणि पुढच्या कुंडीकडे वळले.

मुद्रितशोधक घामाघूम होऊन फलाटावर पोचला तेव्हा तो आपल्याच गॅलरीखाली उभा होता. वर बायको कपडे वाळत घालत होती. तिने खाली पाहिलं. त्याला घरातून निघून बराच वेळ झाला होता आणि तो घरापासून मुळीच दूर गेला नव्हता. ती काही बोलली नाही. ते न बोलणं साऱ्या फलाटाला ऐकू गेलं, असं त्याला वाटलं.

हे रोजचंच झालं. आणि रोजचं झाल्यावर त्यातला दुसरा त्रास उघडकीला आला. घरातून फलाट दिसतो, म्हणजे फलाटावरून घर दिसतं, हा साधा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. त्याच्या गाडीची माणसं ठरलेली होती. त्यांत शहरात औषधाचं दुकान चालवणारा एक सज्जन होता. तो अत्यंत आपुलकीने म्हणे, की आज तुमचा निळा शर्ट वाळलेला दिसत नाही, काल रात्रीच टाकायला हवा होता. कुणाला घरातले पडदे आवडले नव्हते. एका बाईंनी तर, बायको मशीनवर वाकून बसते त्याने मान धरेल, असा निरोप त्याच्याकरवी पाठवला.

आणि वडील. वडिलांना कमी ऐकू येत असे, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसांची पक्की समजूत असते की समोरच्यालाही तितकंच कमी ऐकू येतं. मुलगा खाली दिसला की त्यांना बरं वाटे. ते कठड्यावर हात टेकून, सगळी शक्ती एकवटून विचारत, "भाऊ, पोट साफ झालं का?"

सगळा फलाट वर बघे. मुद्रितशोधक आधी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बघे. पण उत्तर मिळेपर्यंत प्रश्न थांबत नसे. मग तो फलाटाच्या अगदी टोकाला जाऊन उभा राहू लागला. वडिलांना वाटलं, आता मुलाला मुळीच ऐकू येत नसणार, आणि त्यांनी आवाज वाढवला. शेवटी एके दिवशी औषधवाल्याने हळूच एक पुडी त्याच्या हातात ठेवली आणि झोपताना कोमट पाण्यातून घ्यायला सांगितलं. पैसे घेतले नाहीत.

मग चष्म्याचं प्रकरण झालं. मुद्रितशोधक चष्मा विसरून फलाटावर आला. हे म्हणजे सुताराने करवत विसरण्यासारखं. बायकोने वरून चष्मा दाखवला. परत घरी जाऊन यायचं तर दुपार झाली असती. तिने चष्मा टॉवेलात गुंडाळला, नेम धरला आणि फेकला. टॉवेल खाली आला. चष्मा फलाटाच्या पत्र्यावर गेला, घरंगळला आणि पन्हळीत अडकून बसला. स्टेशनमास्तरांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं. पण प्रवाशाची वस्तू गाडीत राहिली तर काय करायचं आणि रुळांवर पडली तर काय करायचं याचे नियम होते, छपरावर चढलेल्या वस्तूचा नियम नव्हता.

त्या दिवशी छापखान्यात त्याने एका वर्षश्राद्धाची पुस्तिका डोळे बारीक करून तपासली. ती छापून, बांधून, घरोघर गेली आणि तिच्या पहिल्या पानावर गावच्या एका मातब्बर माणसाचं 'सुखद निधन' झालेलं होतं. मालकांनी त्याला जातीने माफी मागायला पाठवलं. मृताच्या भावाने पुस्तिका हातात घेतली, ते पान पुन्हा पुन्हा वाचलं आणि विचारलं, की यात चूक कुठली.  मुद्रितशोधक नमस्कार करून निघाला. नोकरी वाचली, पण इतक्या वर्षांत मिळवलेला 'यांच्या हातून चूक होत नाही' हा लौकिक त्या पानावर संपला.

एव्हाना इमारतीत प्रत्येकाकडे त्याच्यासाठी सल्ला तयार होता. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, सायकल घ्या. त्यांच्या यजमानांनीही घेतली होती, फाटकाशी पडले, पण तोपर्यंत छान चालवत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटाने आधी विमा उतरवायला सांगितलं. सेक्रेटरींनी मात्र सोसायटीची शिडी काढून दिली. गोदामात माल चढवायचा आणि उतरवायचा असतो, एवढं साधं आहे, ते म्हणाले.

खरोखरच साधं वाटलं. मुद्रितशोधकाने भल्या सकाळी शिडी भिंतीला लावली, डब्याची पिशवी गळ्यात अडकवली आणि चढला. एक पाय पलीकडे टाकल्यावर त्याच्या ध्यानात आलं की पलीकडे शिडी नाही. शिडी वर ओढून पलीकडे सोडावी, असा विचार करून तो वाकला, तेवढ्यात सेक्रेटरींनी शिडी आत नेली. बाहेर ठेवलेल्या वस्तू चोरीला जातात, हा त्यांचा गोदामातला अनुभव होता.

तो भिंतीवर बसला. एक पाय सोसायटीत, एक पाय रेल्वेत. गळ्यात डबा. फलाट भरत होता. वरून वडिलांनी पाहिलं आणि तपशीलवार सूचना द्यायला सुरुवात केली, आधी डावा, मग उजवा, मग हात सोड. तिकीट तपासनीस आला. पास पाहिला, पास बरोबर होता. पण धारक स्टेशनच्या हद्दीत आहे की नाही, हा त्याच्यापुढे पेच होता. आत असेल तर तो प्रवेशद्वारातून आलेला नव्हता, बाहेर असेल तर त्याला पास विचारण्याचा अधिकारच नव्हता. तपासनीस नेकीचा माणूस होता. तो खरोखर विचारात पडला. त्याच्या विचारात शहराकडची गाडी आली आणि गेली. शेवटी औषधवाल्याने आणि आणखी दोघांनी हात धरून मुद्रितशोधकाला उतरवून घेतलं, एखादा भरलेला माठ उतरवावा तसं. त्याने शर्ट झटकला, सगळ्यांचे आभार मानले आणि पुढच्या गाडीत चढला. शर्टाची बाही फाटली होती. ती फलाटावरच्या प्रत्येकाला दिसली होती, म्हणून घरी काही सांगावं लागलं नाही.

मग त्याने सरळ मार्ग धरला आणि अर्ज केले. भिंतीत एक लहानसं दार करून मिळावं. रेल्वेने कळवलं की भिंत नगरपालिकेची. नगरपालिकेने कळवलं की भिंतीचा सोसायटीकडचा पृष्ठभाग आमचा, पण जाडी रेल्वेची. बऱ्याच खेपा घातल्यावर पाहणीसाठी एक निरीक्षक आला. त्याने फलाटावरून भिंत पाहिली. पलीकडची बाजू पाहायला तो पूल चढून, बाजारपेठेतून फाटकाकडे निघाला. ऊन कडक होतं, फाटक बंद होतं. फाटकाजवळ त्याने चहा घेतला आणि परत गेला. 'पलीकडून कोणाची ये-जा आढळली नाही, सबब दाराची गरज दिसत नाही,' असा शेरा आला. मुद्रितशोधकाने तो वाचला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

इथपर्यंत जे झालं ते हसून सांगता येतं, आणि छापखान्यात तो हळूहळू ते हसून सांगायलाही लागला होता. पण एका सकाळी तो फलाटावर येऊन उभा राहिला, गाडी यायची वेळ झाली, तरी वरून कुणी काही विचारलं नाही. आधी त्याला बरं वाटलं. मग औषधवाल्याने विचारलं, की आजोबा बरे आहेत ना, दोन-चार दिवस आवाज नाही.

त्याने वर पाहिलं. वडील खुर्चीतच होते, पण खुर्ची उलटी फिरवलेली होती. फलाटाकडे पाठ करून ते खोलीतल्या भिंतीकडे बघत बसले होते.

संध्याकाळी त्याने बायकोला विचारलं. तिने मशीन थांबवलं आणि सांगितलं, की त्यांनीच ती तशी फिरवून मागितली. जुन्या घरी त्यांना न्हाव्याच्या दुकानातला बाक होता, वाचनालय होतं, भांडायला दोन मित्र होते. इथे दुकान, बाग, माणसं, जे काही आहे ते रुळांपलीकडे आणि त्यांचे गुडघे फाटकापर्यंत जात नाहीत. इथे आल्यापासून ते एकदाही जिना उतरले नव्हते. ही गोष्ट मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटली होती.

"ते म्हणतात, बघून काय करायचं," बायको म्हणाली.

त्या रात्री तो घर विकून परत जाण्याविषयी बोलला. बायकोने ऐकून घेतलं. मग मशीनच्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, की तुम्ही म्हणाल तसं. वडिलांना कुणकुण लागली तेव्हा त्यांनी, माझ्यासाठी काही विकायचं नाही, म्हणून दोन दिवस अबोला धरला. मुद्रितशोधकाने दलालाला फोन केला. दलाल फार गोड बोलला. पण या घराला गिऱ्हाईक मिळणं अवघड आहे, असं तोच आता सांगत होता. रस्त्याची जरा अडचण आहे ना, तो म्हणाला.

पावसाळ्याच्या तोंडावर रेल्वेचे कामगार आले. नाल्यात नवे सिमेंटचे पाइप टाकायचे होते आणि पाइप आत न्यायला वाट नव्हती. मुकादमाने भिंत पाहिली, पहार मागवली आणि दुपारच्या जेवणाआधी, कुणालाही कसलाही अर्ज न करता, भिंतीला दोन माणसं शेजारी चालतील एवढं भगदाड पाडलं. पाइप गेले. काम संपलं. भिंत पुढची टोळी येऊन बांधेल, असं म्हणून कामगार निघून गेले. पुढची टोळी दुसऱ्या कुठल्या तरी खात्याची होती.

त्यानंतर एका संध्याकाळी मुद्रितशोधक शहरातून परतला आणि पलीकडच्या फलाटावर उतरला. समोर पाहिलं तर गॅलरीतली खुर्ची रिकामी. बायको कठड्याशी उभी होती, पण घाबरलेली दिसत नव्हती. तिने नुसतं बोट खाली केलं. गॅलरीखालच्या बाकावर वडील बसले होते. काठी गुडघ्यांमध्ये उभी, शेजारी आधीच्या गाडीने परतलेला औषधवाला, आणि दोघांचा कसला तरी कडाक्याचा वाद चालला होता. मुद्रितशोधक पूल चढला आणि उतरला. जवळ जाऊन उभा राहिला.

"बस," वडील सरकून म्हणाले. "हे म्हणतात, आल्याच्या रसाने गुडघे बरे होतात. यांना काही कळत नाही."

आता हे इथेच संपायला हवं होतं. पण भगदाड एका कुटुंबासाठी पडलेलं नव्हतं. आठवड्याभरात भिंतीच्या या अंगाची सगळी वस्ती सोसायटीच्या आवारातून स्टेशनला जाऊ लागली. सायकली जिन्याखाली उभ्या राहिल्या. सकाळी पावलांचा आवाज, संध्याकाळी पावलांचा आवाज. सेक्रेटरींच्या दोन कुंड्या फुटल्या. वरच्या काकूंना दुपारची झोप लागेना. सभा बोलावण्यात आली. भगदाड ताबडतोब बुजवावं, असा अर्ज सेक्रेटरींनी लिहून आणला होता आणि सगळ्यांनी मान डोलावली. विमा एजंटाने तर चोरीच्या शक्यता इतक्या पोटतिडकीने मांडल्या की सभा संपण्याआधी दोघांनी विमा उतरवला.

सेक्रेटरींनी कागद मुद्रितशोधकापुढे ठेवला. तुम्ही या विषयातले जाणकार, जरा भाषा बघून घ्या आणि पहिली सही तुमचीच करा, ते म्हणाले.

कागद पुढे आला की त्याचा हात आपोआप चाले. त्याने खिशातून लाल पेन काढलं. 'भगदाड' सेक्रेटरींनी 'भगधाड' लिहिलं होतं, ते दुरुस्त केलं. 'ऊपद्रव'चा ऊकार ऱ्हस्व केला. एक वाक्य कर्त्याशिवाय लोंबकळत होतं, त्याला कर्ता दिला. अर्ज आधीपेक्षा कितीतरी जोरदार झाला. मग त्याने पेनाला टोपण लावलं आणि कागद परत सरकवला.

"शुद्धलेखन आता बरोबर आहे," तो म्हणाला. "सही मी करणार नाही."

इतक्या वर्षांत त्याने कुठल्याही सभेत कशालाही नाही म्हटलं नव्हतं. आपला आवाज त्यालाच अनोळखी वाटला. सेक्रेटरींनी कारण विचारलं. तो म्हणाला, "माझे वडील तिथून जातात." त्याहून मोठं कारण शोधून त्याला सापडलं नाही.

त्यानंतर इमारतीत त्याच्याशी कुणी फारसं बोलेना. काकूंनी सल्ले बंद केले, आणि ते ऐकायची इतकी सवय झाली होती की त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. बायको मात्र त्या रात्री जेवताना त्याच्याकडे पुन्हा पुन्हा बघत होती. त्याने विचारलं, काय. ती म्हणाली, काही नाही, भात घ्या. सोसायटीचा अर्ज यथावकाश रेल्वेला पोचला आणि उत्तर आलं. सदर ठिकाणी कोणतंही काम मंजूर झालेलं नसल्याने दप्तरी नोंदीप्रमाणे भिंत अखंड आहे, भगदाड बुजवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सेक्रेटरींनी ते वाचून कुंड्या घरात नेल्या.

पावसाळा सरला. एका सकाळी मुद्रितशोधक डबा घेऊन निघाला तेव्हा वडील धुतलेला शर्ट घालून जिन्यात उभे होते. बाकावर बसायला येत असतील, असं त्याला वाटलं. दोघे भगदाडातून आत गेले. धिमी गाडी फलाटाला लागत होती. वडिलांनी काठी डाव्या हातात घेतली.

"जुन्या न्हाव्याकडे जाऊन येतो," ते म्हणाले. "इथल्याचा हात चांगला नाही."

मुद्रितशोधकाने बरोबर येतो म्हटलं. वडील म्हणाले, तुझी जलद गाडी, ही सगळीकडे थांबते, मला हीच बरी. येताना पलीकडच्या फलाटावर उतरावं लागेल, पूल आहे, तो म्हणाला. कठडा धरून उतरेन, मला घाई कुठे आहे, ते म्हणाले, आणि औषधवाल्याचा हात धरून चढलेसुद्धा. औषधवाला त्यांना बसवून परत खाली उतरला. गाडी सुटली. खिडकीत वडिलांचं पांढरं डोकं दिसलं, ते पुढे बघत होतं.

तेवढ्यात बायको गॅलरीत आली. खुर्ची रिकामी, बाक रिकामा. तिने दोन्ही हात पसरून खुणेने विचारलं, बाबा कुठे आहेत. आगगाडीची खूण काय करावी ते मुद्रितशोधकाला समजेना. त्याने हाताने चाकं फिरवून पाहिली. तिचा चेहरा आणखीच पडला. तेव्हा या माणसाने, ज्याने सार्वजनिक ठिकाणी कधी जांभईसुद्धा मोठ्याने दिली नव्हती, छाती भरून श्वास घेतला आणि साऱ्या फलाटावर घुमेल असा आवाज काढला.

"बाबा गेले!"

 एका म्हाताऱ्याने टोपी काढली. ज्या बाईंना मशीनची काळजी होती त्यांनी तोंडाला पदर लावला. वर बायकोने कठडा घट्ट धरला. मुद्रितशोधकाला आपलं वाक्य ऐकू आलं आणि आयुष्यभर दुसऱ्यांची अपुरी वाक्यं पुरी करत आलेल्या त्या माणसाने आपलं पुरं केलं.

"केस कापायला," तो ओरडला. "गाडीने गेले. एकटेच."

बायको मटकन वडिलांच्या खुर्चीत बसली. तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे, ते इतक्या खालून नव्या चष्म्यातूनही दिसत नव्हतं. मग ती उठली, डोळे पुसले आणि तिनेही पहिल्यांदाच सगळ्या लोकांच्या देखत वरून आवाज दिला, की परत कधी येणार म्हणाले.

जलद गाडी दिसू लागली होती. लोक पुढे सरकले, आणि औषधवाल्याने त्याच्या दंडाला धरून त्याला दाराशी ओढलं.

"मी विचारलंच नाही," तो मान वळवून म्हणाला आणि गाडीत चढला.